पंक वाजवा, पण ओळ ऐकू जाऊ दे

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावातली चार मुलं पंक रॉक वाजवतात, म्हणजे मोजक्या कॉर्डवरचं, वेगातलं, जोरातलं बंडखोर गाणं. गाणी स्वतःच लिहितात, तीही मराठीत. गेल्या वर्षी शाळेच्या पटांगणावर कार्यक्रम केला आणि तिसऱ्या गाण्यानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. यंदा जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावच्या नाट्यमंडळाबरोबर दीड तासाची संगीतिका करायचं ठरलं आहे. बँड रंगमंचावरच बसणार, मंडळाचा ऑर्गन-तबलाही असणार. मुलांनी विचारलं आहे, 'गावाला पंक पचत नाही का? आवाज, परवाने, पैसे यांचं गणित कसं जमवायचं?'

मी तीस वर्षं साऊंडचं काम करतो. जत्रेतली नाटकं, तियात्र (गोव्याचं गाण्यांनी भरलेलं कोकणी नाटक), लग्नातले बँड, किनाऱ्यावरचे रॉकवाले, सगळ्यांच्या वायरी गुंडाळल्या आहेत. तेव्हा पचण्याचं आधी सांगतो. लोक पंकमुळे उठले नाहीत. तुम्ही काय म्हणताय ते कळेना म्हणून उठले. आपला प्रेक्षक सुराला माफी देतो, शब्द गिळला तर देत नाही. हे मी थिअरी म्हणून सांगत नाही, मिक्सरच्या मागे बसून पाहिलेलं सांगतो. नाटकात एखादं पद थोडं बेसूर झालं तर मागून कुणी हसतं, बस. पण माईक गेला आणि संवाद ऐकू येईनासा झाला की दोन मिनिटांत 'आवाज, आवाज' सुरू होतं.

तियात्राचंच बघा. पहिलं तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात झालं, करणारे मुंबईत पोटासाठी गेलेले गोंयकार. तेव्हापासून त्यात दोन तऱ्हेची गाणी आहेत. काही कथेला धरून, आणि काही दोन पडद्यांच्या मध्ये पडद्यापुढे उभं राहून म्हटलेली, कथेशी काही संबंध नसलेली. ही दुसरी ती कांतारां. त्यांत मंत्री येतो, खाणी येतात, पंचायत येते, सासू येते. एक माणूस माईकसमोर उभा राहतो, सरकारला चार कडव्यांत सोलून काढतो आणि मडगावच्या रवींद्र भवनात शिट्ट्यांनी छप्पर हलतं. तुम्ही ज्याला पंकची वृत्ती म्हणता ती आणखी वेगळी काय असते? फरक एवढाच की कांतार म्हणणाऱ्याचा शब्दन्‌शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला कळतो.

तो का कळतो, हे एकदा पुढच्या रांगेत बसून ऐका. बँड काही लहान नसतो. ट्रंपेट, सॅक्सोफोन, कीबोर्ड, बेस, ड्रम सगळे असतात. पण गायक ओळ म्हणतो तेव्हा ट्रंपेट गप्प बसतो आणि ओळ संपली की त्या फटीत घुसतो. क्रिस पेरींनी जॅझचा साज घेऊन कोकणी गाणी बांधली. त्यात लोर्नाबाईंचा आवाज पुढे आणि पितळी वाद्यं आजूबाजूने ये-जा करणारी. वाजवणारे काही कच्चे नव्हते. आपल्याकडे चर्चच्या पारोकियाल शाळांत मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून स्वरलिपी घोटून घेत आले, त्या मुशीतून निघालेले वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवत होते. त्यांना वाजवता येत होतं, म्हणूनच थांबताही येत होतं. तुमच्या बँडमध्ये दोन्ही गिटार पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत पूर्ण जोरात असतात. माझी पहिली सूचना यंत्राची नाहीच. गाण्याच्या ओळीवर एक गिटार बंद ठेवा, दुसरीच्या तारा तळहाताने दाबून वाजवा. ओळ संपली की दोघे तुटून पडा. धुपद आलं की हवा तेवढा धुरळा करा, तोवर शब्द लोकांना पाठ झालेले असतील.

संगीतिकेची बांधणी कशी करावी हे तुम्ही विचारलेलं नाही, पण गोंधळ तिथेच होणार आहे, म्हणून सांगतो. नाट्यमंडळातली जाणती मंडळी म्हणतील, संगीत नाटक म्हणजे ठाय, म्हणजे संथ, लयीतलं पद, ताना, वन्समोअर. तुम्ही म्हणाल, आमचं गाणं दोन मिनिटांत संपतं. न्यूयॉर्कच्या रामोन्स या पंक बँडने १९७६ सालच्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी २९ मिनिटांत उरकली होती, तुमचं घराणं ते. दोघांची गाठ पडायची जागा जुन्या संगीत नाटकात आहे. किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ सालचं. त्यात साकी, दिंडी, कामदा अशा वृत्तांतल्या रचना भरपूर आहेत. त्या चार ओळींत एक गोष्ट सांगतात आणि बाजूला होतात. तान नाही, आळवणी नाही. पात्र बोलता बोलता गायला लागतं आणि गाता गाता परत बोलायला लागतं. पद लांबवणं नंतर आलं, गायकनटांची मैफल व्हायला लागली तेव्हा. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर रंगमंचावर पद म्हणायचे ते ऐकायला लोक दूरदूरहून यायचे, तो ठेवा आहेच. पण तुमच्या कामाचा भाग त्याच्या आधीचा आहे. दिंडीची चाल घ्या, लय दुप्पट करा, खाली तीन कॉर्ड ठेवा. मंडळाच्या जुन्या गायकाला एकदा म्हणायला बसवा. तो हसेल, पण म्हणेल. माझ्या मते तुमच्या संगीतिकेत पाच मोठ्या गाण्यांपेक्षा अशा पंधरा छोट्या रचना असाव्यात.

आता ऑर्गन. याच्याकडे दुर्लक्ष कराल तर पहिल्याच गाण्यात फसाल, कारण मी फसलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जत्रेत नाटकाला मी कीबोर्डवाला बसवला आणि ऑर्गनही ठेवला. तालीम ऑर्गनवर झालेली, कीबोर्ड थेट रात्री आला. ऑर्गन जुना, त्याच्या पट्ट्या कीबोर्डपेक्षा जराशा उतरलेल्या. नांदीला दोन्ही एकदम वाजले आणि गायक बिचारा दोन सुरांच्या मधल्या गटारात पडला. चूक माझीच, कारण दोन्ही वाद्यं आधी शेजारी ठेवून ऐकायचं काम माझं होतं. पेटी आणि ऑर्गन रंगमंचावर पिळून सुरात आणता येत नाहीत. गिटार येते. म्हणून गिटार ऑर्गनला मिळवायची, ट्यूनरला (सूर मोजणाऱ्या यंत्राला) नाही. ऑर्गनची पट्टी वाजवून ट्यूनरवर किती फरक दिसतो ते बघा, ट्यूनरचा मूळ स्वर तेवढा सरकवा आणि चौघांनी त्यावर लावा.

पट्टीचंही, म्हणजे 'सा' कुठल्या स्वरावर धरायचा त्याचंही, बोलून घ्या. मंडळाचा गायक 'काळी दोन', म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी, म्हणेल आणि तुमचा गिटारवाला तोंड बघत बसेल. गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीच्या लावणीत पांढरी तीनवर असते. सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवल्या की तीच काळी दोन होते, आणि तुमचे आहेत तेच कॉर्ड आहेत त्याच जागी वाजतात. पंकवाले तशीही गिटार उतरवतातच. एवढ्या एका गोष्टीने तालमीतलं निम्मं भांडण मिटेल.

मांडवातल्या आवाजाकडे येतो. वर पत्रा, मागे देवळाची भिंत, समोर खुर्च्या. या जागेत ड्रमसेट हा खरा मालक, कारण त्याला आवाज कमी करायचं बटण नसतं. ड्रम मोठा म्हणून गिटारवाला अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा खोका) वाढवतो, अँप मोठा म्हणून गायक ओरडतो, गायक ऐकू येत नाही म्हणून साऊंडवाला फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर ढकलतो आणि माईक शिट्टी मारतो. ही साखळी उलटी करायची. आधी रिकाम्या रंगमंचावर फक्त गायकाचा माईक उघडा. शिट्टी यायला लागते तिथवर वाढवा, मग तीन-चार डेसिबल खाली घ्या. ही तुमची कमाल मर्यादा. आता बाकी सगळं या आवाजाच्या खाली बसवा. ड्रम बसत नसेल तर जाड सतरंजीवर ठेवा, स्नेअरवर (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर) रुमाल टाका, लाकडी काडीऐवजी बारीक काड्यांची जुडी वापरा. ड्रमर रागावेल, रागावू दे. गिटारचा अँप जमिनीवर ठेवून प्रेक्षकांच्या पोटात मारू नका. खुर्चीवर तिरपा ठेवा, वाजवणाऱ्याच्या कानाकडे तोंड करून. त्याला स्वतःचा आवाज मिळाला की तो आपोआप कमी करतो. पंधरा-वीस वॅटचा अँप या मांडवाला पुरतो. शंभर वॅटचा आणाल तर तो घरी ठेवायला सांगणारा मी पहिला.

गायकाने माईकची जाळी मुठीत धरायची नाही. फोटोत छान दिसतं, पण मूठ आवळली की माईक चारी बाजूंनी ऐकायला लागतो, मॉनिटरचा (गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) आवाजही ओढून घेतो आणि बोंब मारतो. मिक्सरवर गायकाच्या चॅनेलचा शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका. तिथे शब्द नसतात, फक्त पायांचा दणदण असतो. क, च, ट, त ही व्यंजनं साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कळतात आणि नेमकी तिथेच गिटारची चरचर बसलेली असते. गिटारचा तेवढा भाग थोडा खाली घ्या. गिटार ऐकायला किंचित बुळी वाटेल, पण गाणं कळेल.

नटांसाठी मंडळ वरून सोडलेले माईक लावत असणार. बँड रंगमंचावर असेल तर ते माईक संवाद कमी आणि झांजा जास्त पकडतील. बँडला मागे मधोमध बसवू नका. एका बाजूला विंगेकडे सरकवा आणि गाणं सुरू झालं की वरचे माईक बंद. हे करायला नाटक पाठ असलेला माणूस मिक्सरवर लागतो. प्रॉम्प्टरची वही हातात घेऊन बसेल असा मंडळातलाच एखादा मुलगा साऊंडवाल्याच्या शेजारी द्या. एवढ्याने सुटतं.

मांडव लांब असेल तर पुढचेच स्पीकर फुगवू नका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबल पडतो. मागच्यांना ऐकवायच्या नादात पुढच्या रांगेतल्या आजोबांचे कान जातील. मध्यावर दोन लहान स्पीकर टाका, पण त्यांना उशीर द्या. आपल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे ३५ मीटर मागच्या स्पीकरला १०० मिलिसेकंद, १४ मीटरला ४०. ते न करता नुसता स्पीकर टाकलात तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल आणि गेल्या वर्षीसारख्या खुर्च्या रिकाम्या होतील.

विजेचं थट्टेत घेऊ नका. गिटारवाल्याचा ओठ माईकला लागला आणि झटका बसला, हे मी किती वेळा पाहिलं याची गणती नाही. अँप एका प्लगवर, मिक्सर दुसरीकडच्या, आणि अर्थिंग कुठेतरी तुटलेलं, ही त्याची कारणं. सगळा साऊंड एकाच बोर्डावर, एकाच फेजवर घ्या आणि लाईटचे डिमर दुसऱ्या फेजवर. गुणगुण येते म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणारा कुणी शहाणा भेटला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. तार तपासायला परवानाधारक वायरमनच बोलवा.

परवान्यांपैकी सगळ्यात कडक वेळेचा. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम २००० सालचे. उघड्यावर ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी हवी आणि रात्री १० ते सकाळी ६ बंद. सांस्कृतिक वा धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. तुमची तारीख त्यात असेलच असं धरून चालू नका. आमच्या लहानपणी पालखी फिरून आल्यावर मध्यरात्री नांदी व्हायची आणि उजाडताना भरतवाक्य. ते दिवस आठवून आता उपयोग नाही. साडेसातला सुरू करा, पावणेदहाला हात जोडा. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र धरता येतो, म्हणून मांडवाची जागा ठरवतानाच आजूबाजूला बघून घ्या. बंदिस्त सभागृहातल्या आतल्या आवाजाला रात्रीची बंदी लागू नाही. पुढे कधी फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात प्रयोग लावाल तेव्हा ही मोकळीक मिळेल. पंचायतीच्या सचिवाला महिनाभर आधी भेटा, कुठल्या कचेरीत कुठला कागद द्यायचा ते तो सांगेल. एक कागद माझ्याकडून: देवळाच्या समितीचं 'आमची हरकत नाही' असं पत्र, तेही तोंडी नको.

गाण्यांच्या हक्कांबद्दल लोक उगाच घाबरतात किंवा अजिबात घाबरत नाहीत. स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी तुम्ही कुणा संस्थेला हक्क दिलेले नसतील तर बिनधास्त वाजवा. दुसऱ्याचं गाणं जाहीर कार्यक्रमात वाजवायचं तर शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे. बँड स्वतः वाजवत असेल तर पहिल्यांचा प्रश्न येतो, मध्यंतरात पेनड्राईव्ह लावलात तर दुसऱ्यांचाही. आपल्या कायद्यात लेखक-संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. किर्लोस्कर १८८५ साली गेले, त्यांच्या दिंड्या सगळ्यांच्या आहेत. जितेंद्र अभिषेकी १९९८ साली गेले. ते मंगेशीचे, आपल्या घरचे वाटतात, म्हणून त्यांची चाल गिटारवर चढवायला हात शिवशिवतील. तिथे आधी परवानगी.

पैशांचं थोडक्यात. जत्रेच्या नाटकाला तिकीट नसतं आणि तुम्ही लावूही नका. आपल्याकडे गावच्या नाटकात काम करणारे हौशी लोक उलट स्वतः वर्गणी काढतात. खर्च जातो ड्रेपरी, मेकअपमन, सीन, साऊंड-लाईट आणि बाहेरून बोलावलेल्या कलाकारांच्या नाईटवर, म्हणजे एका प्रयोगाच्या मानधनावर. तुम्ही मंडळाला सांगा, आम्ही नाईट घेत नाही, त्या बदल्यात चांगला साऊंड आणि दोन रंगीत तालमी द्या. तुमचा फायदा यातच आहे. किनाऱ्यावर पैसे मिळतात, पण तिथे मालकाला ओळखीची इंग्रजी गाणी हवी असतात, आणि जेवणाऱ्याच्या बोलण्यात अडथळा न येईल इतक्याच आवाजात. मराठी पंक ऐकायला तिथे कुणी येत नाही. जत्रेला तीन-चारशे माणसं आपणहून बसलेली असतात. एवढा प्रेक्षक विकत घ्यायला गेलात तर परवडणार नाही.

घुमटाचा, म्हणजे मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेल्या आपल्या वाद्याचा, विचार केला आहे का? २०१९ साली सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, पण तुमच्या कामाला त्याचा आवाज आहे. घोरपडीचं कातडं वन्यजीव कायद्याखाली चालत नाही, बकऱ्याच्या कातड्याचंच घ्या. साकी-दिंडीच्या रचनांना ड्रमऐवजी घुमट आणि त्याच्या जोडीला वाजणारं शामेळ हे तालवाद्य ठेवलं तर आवाजाची निम्मी भानगड सुटेल आणि आरत्यांवर वाढलेलं गाव मान डोलवायला लागेल. माईक मागच्या लहान तोंडापासून वीतभर लांब ठेवा. अगदी तोंडाशी नेलात तर हवेचे फटके बसतात.

रंगीत तालीम त्याच मांडवात, त्याच वेळेला घ्या. तालमीला एका माणसाला बाहेर खाज्याच्या दुकानापाशी उभं करा. तो गाणी आधी न ऐकलेला असावा. त्याच्या हातात वही द्या आणि ऐकू येईल ती ओळ लिहून घ्यायला सांगा. पंधरा रचनांपैकी किमान दहांची पहिली ओळ त्याच्या वहीत बरोबर उतरली नाही, तर अँपकडे बोट दाखवण्याआधी ती ओळच पुन्हा लिहा. जोडाक्षरांची गर्दी असलेली ओळ वेगात कुणालाच म्हणता येत नाही.

आणि ताडपत्री आणा. जत्रेच्या दिवसांत रात्री नऊनंतर दव पडायला लागतं. तबला उतरतो, त्याला हातोडी मारता येते. मिक्सरला नाही.